लाल शिडाची मिरर

इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका शेतावर, गोठ्यात ताडपत्रीखाली ती उलटी पडली होती. मिरर डिंगी, म्हणजे शिडाची छोटी होडी. लांबी जेमतेम 3.3 मीटर, पुढचं टोक चपटं, शिडं लाल. मालक म्हणाला, "250 पौंड, ट्रॉलीसकट." ट्रॉली चांगली दिसली म्हणून यानं होडी घेतली, असं बायको सगळ्यांना सांगते. तिचं अगदीच खोटं नाही.

आमचं गाव मालवणजवळ. आजोबांच्या मचव्याला शीड होतं म्हणे, पण मी बघेपर्यंत तिथे इंजिन धडधडत होतं. त्यामुळे कोकणातला असूनही शीड हातात धरायला मला लेस्टर गाठावं लागलं.

मिररच घ्यायचं कारण सरळ होतं. 1963 साली डेली मिरर या वृत्तपत्रानं ही होडी बाजारात आणली, ती घरी बांधायच्या सुट्या सामानाच्या रूपात. किंमत 63 पौंड 11 शिलिंग. प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेनं अक्षरशः शिवायच्या आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिननं चिकटवायची. सत्तर हजारांवर होड्या झाल्या, त्यामुळे जुन्या स्वस्तात मिळतात. आणि जी गॅरेजात बांधता येते ती गॅरेजात दुरुस्तही होणार, हा माझा हिशोब.

हिशोब बरोबर होता, महिना चुकला. नोव्हेंबरात मधल्या खाचेपाशी (तिच्यातून डॅगरबोर्डची फळी पाण्यात सोडतात) स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला. हे खरं तर गोठ्यातच करून बघायला हवं होतं. कुजकं लाकूड कापलं, नवा तुकडा बसवला, वर इपॉक्सी रेझिन आणि पट्टी. डब्यावर 10 अंशांखाली वापरू नका असं लिहिलेलं, गॅरेजात 4. मी म्हटलं, दोन दिवस जास्त लागतील. आठवड्यानंही ते फणसाच्या चिकासारखंच. सगळं खरवडून काढलं, होडीवर जुन्या चादरींचा तंबू केला, आत हीटर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून. विजेच्या बिलाचा आकडा इथे लिहीत नाही.

मग हवेच्या टाक्या. मिररमध्ये अशा चार बंद टाक्या असतात. होडी उलटली की तिला तरंगवतात त्या याच. प्रत्येकीत नळीनं हळू हवा फुंकायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. फुगे आले की गळती. पुढच्या डावीकडच्या टाकीला आले. ती बुजवली.

शीड चढवायची वेळ आली तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल केला. मिररची डोलकाठी आखूड असते. वरचा भाग म्हणजे वेगळा वासा, तो शिडासकट वर ओढतात. म्हणून सगळ्या काठ्या होडीतच मावतात. बाबा बघत राहिले, मग म्हणाले, "हेका परबान म्हणतत." आजोबांचा शब्द, त्या थंड गॅरेजात.

एप्रिलपर्यंत आरवायए या ब्रिटिश नौकानयन संघटनेचे लेव्हल 1 आणि 2 हे दोन-दोन दिवसांचे कोर्स उरकले, विमा काढला आणि होडी रटलंड वॉटरवर नेली. 1970च्या दशकात खोरं बुडवून केलेला हा जलाशय. नॉर्मंटनचं चर्च आता काठाच्या पाण्यात उभं आहे, खालचा भाग भरून टाकलेला. मला उजनी धरणाच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ आठवलं.

पहिल्या दिवशी मुद्दाम होडी उलटवली. पाणी इतकं गार, की वेटसूट असून श्वास अडकला. डॅगरबोर्डवर उभं राहून मागे रेललो, शीड पाण्यातून सुटलं आणि ती सरळ झाली, पण आत गुडघाभर पाणी. बालदी दोरीनं बांधून ठेवली होती, हेच त्या दिवशीचं माझं एकमेव शहाणपण. नंतर वाऱ्याला तोंड करून अडकलो. शिडं फडफडतायत, होडी मागे सरकतेय, आणि शेजारून दहा वर्षांची एक पोरगी ऑप्टिमिस्टमधून (मुलांची एकट्यानं चालवायची छोटी शिडाची होडी) ओरडली, शिडाचा दांडा हातानं बाहेर ढकल! ढकलला. होडीचं पुढचं टोक वळलं, शिडात वारा भरला, आणि डॅगरबोर्डच्या खाचेतून गुरगुर ऐकू यायला लागली. चर्चपर्यंत गेलो, परत आलो. दुपार संपली.

घरी येऊन टाक्यांची झाकणं उघडली. पुढच्या डावीकडच्या टाकीत अर्धा कप पाणी. चादरी अजून गॅरेजातच आहेत.