समन्स आलं, साक्ष झाली: विषबाधेच्या एका केसचा अनुभव

आमचा सीए रिपोर्ट, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अॅनालायझरचा) अहवाल, कोर्टात सहसा आमच्याशिवायच वाचला जातो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये तशी सोय होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच ३२९ झालं. तरी कोर्टाला वाटलं तर तज्ज्ञाला बोलावता येतं. विषबाधेच्या एका जुन्या खटल्यात मला असं समन्स आलं.

आधी वर्कशीट बाहेर काढलं. रोज इतका व्हिसेरा (मृतदेहातून तपासणीसाठी काढलेले अवयव) हाताखालून जातो की एकेक केस लक्षात राहणं शक्यच नसतं. साक्षीत नोंदी पाहून बोलता येतं, हे बरं. एका बरणीत जठर आणि आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, कुपीत रक्त. शिवाय एक बाटली नुसत्या मिठाच्या पाण्याची. अवयव ज्या संपृक्त द्रावणात ठेवतात त्याचाच तो नमुना. ही बाटली पाठवायची राहिली की आमची पंचाईत होते. अवयवांत मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं होतं. टीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या प्राथमिक चाचणीच्या प्लेटवर ठिपका दिसला, जीसी-एमएस या यंत्रावर रसायनाची ओळख पटवून खात्री केली.

बचावाच्या वकिलांनी या रसायनाला हातही लावला नाही. "मॅडम, मोहोर कुणाची होती? नमुना मोहोरेशी ताडून कुणी पाहिली? मुद्देमाल आणणाऱ्या हवालदाराचा बक्कल नंबर?" आवक नोंदवहीत सगळं होतं, म्हणून निभावलं. प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्यांना मशीनचं फार अप्रूप असतं. मी त्यांना आधी लाखेच्या मोहोरेकडे बघायला शिकवते.

मग मिठाचं पाणी निघालंच. "विष त्या पाण्यातच असेल तर?" म्हटलं, त्याचीही तपासणी केली, त्यात कीटकनाशक आढळलं नाही.

"म्हणजे मृत्यू विषानेच झाला?" सरकारी वकिलांनी फेरतपासणीत विचारलं. त्यांना 'हो' हवं होतं. मी म्हटलं, मृत्यूचं कारण डॉक्टर सांगतील. माझ्यापुढे फक्त नमुने होते. मात्राही मी मोजली नव्हती, त्यामुळे 'प्राणघातक' हा शब्दही मी वापरला नाही. ते नाराज झाले. होऊ देत. सरकारी पक्षाला मदत करायच्या भरात तज्ज्ञ इथेच घसरतो, आणि मग उरलेला रिपोर्टही संशयात येतो.

जबाब टाइप झाल्यावर ओळन् ओळ वाचून सही केली. हजेरीचा दाखला मात्र तिथल्या तिथे मागून घ्यावा, त्याशिवाय प्रवासभत्त्याचं बिल पास होत नाही.