बाहेर किती?

आमच्या झेनच्या डॅशबोर्डवर तापमानाचा एक काटा मुळातच आहे. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच. तो इंजिनाचं सांगतो, बाकी जगात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वैशाख असो की पौष, गाडी जरा चालली की काटा मध्याच्या खाली येऊन बसतो आणि बसतो तो बसतोच.

नव्या गाड्यांत बाहेरच्या हवेचा आकडा असतो. शेजाऱ्यांच्या गाडीत तो पाहिला आणि मला हवासा वाटू लागला. मुळात ही सोय थंड देशांतली. तिकडे पारा तीन-चार अंशांवर उतरला की पडद्यावर बर्फाचं चिन्ह उजळतं, कारण तेवढ्या थंडीत रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा धरायला लागतो आणि गाडी घसरते. शेजाऱ्यांच्या गाडीतही ते चिन्ह आहे म्हणे, पण कोथरूडात ते उजळण्याचा योग तिच्या पत्रिकेत नाही. मग आपल्याला हवाच कशाला, असा प्रश्न घरातून आला. "अहो, काच खाली करून हात बाहेर काढा, कळेल," बायको म्हणाली. पंधरा वर्षं उलटून दुसऱ्यांदा पासिंग केलेल्या, ग्रीन टॅक्स भरलेल्या गाडीवर आता एक पैसाही घालायचा नाही असं आमचं ठरलेलं होतं. पण हे यंत्र इतकं स्वस्त निघालं की तो ठराव मोडला असं म्हणायलाही लाज वाटावी.

यंत्र म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी. पुढे एलसीडीचा आकडा, मागे घड्याळात असतात तसले दोन बटणसेल, आणि एक बारीक वायर. वायरच्या टोकाला मणी. सगळी गंमत त्या मण्यात आहे. तो असतो थर्मिस्टर. नेहमीच्या तांब्याच्या तारेचा विजेला होणारा विरोध तापल्यावर वाढतो, याचा कमी होतो. ही उलटी चाल फॅरडेनं १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिली होती. सर्रास मिळणाऱ्या मण्याचा रोध २५ अंशांना दहा हजार ओहम असतो, शून्याला जवळजवळ तिप्पट. डबी तो रोध मोजते आणि त्यावरून अंश सांगते.

वायर मात्र जेमतेम मीटरभर. स्टिअरिंगपासून पुढच्या बंपरपर्यंत ती पोचणार कशी? जोड द्यावाच लागतो, आणि जोड दिला की आकडा चुकेल अशी भीती घालणारे भेटतात. हिशेब केला तर भीती पळते. मण्याचा रोध एका अंशाला चारशे ओहमच्या आसपास बदलतो, आणि चार-पाच मीटर जादा वायर एक ओहमही घालत नाही. जोड पाण्यापासून जपायचा, एवढंच.

आमच्या गल्लीच्या टोकाला गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करणारा एक पोरगा बसतो. त्याच्याकडे डबी नेली तेव्हा त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे. "काका, मोबाईलवर दिसतं की हे, फुकटात." मी म्हटलं, मोबाईल शहराचं सांगतो, मला या बंपरचं हवंय. हे त्याला पटलं असं नाही, पण गिऱ्हाईक ठाम आहे हे कळलं. मग त्यानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून उताणा झाला आणि वायरिंगचा जुडगा जिथून इंजिनाकडे जातो तिथलं रबरी बूच चाचपलं. सायकलचा एक जुना स्पोक त्यातून हलकेच पलीकडे सारला, वायरचं टोक त्याला टेपनं बांधलं आणि बॉनेटच्या बाजूनं ओढून घेतलं. पत्र्याला नवं भोक नाही. सायलेन्सरच्या तापणाऱ्या पायपापासून आणि पंख्यापासून लांब, मडगार्डाच्या कडेकडेनं वायर पुढे आली, वीतभर अंतरावर केबल टाय लागत गेले.

मणी कुठे लावायचा यावर आमचं खरं एकमत होईना. त्याला सोयीची जागा रेडिएटरच्या मागची. तिथे इंजिनाचीच धग, म्हणजे सी आणि एचच्या काट्याला एक भाऊ मिळाला असता. जागा हवी रेडिएटरच्या पुढची, खालची, वाऱ्याची, आणि मणी पत्र्याला टेकता कामा नये, नाहीतर तो हवेचं सोडून पत्र्याचं तापमान सांगतो. शेवटी बंपरच्या मागे डाव्या कोपऱ्यात तो लोंबता ठेवला आणि त्यावर पांढऱ्या पीव्हीसी नळीचा बोटभर तुकडा चढवला, दोन्ही तोंडं उघडी. ऊन लागू नये, वारा मात्र लागावा.

ही नळीची कल्पना माझी नाही. शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, नाव तेवढं चौकात राहिलं. वेधशाळा ज्या पांढऱ्या, फटीफटींच्या लाकडी पेटीत तापमापक ठेवतात ती थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याची. पेटी सावलीत नसते, तीच सावली असते. खाली माती किंवा गवत, आणि उंची जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर. पेपरात येणारं तापमान हे असं, सभ्य परिस्थितीत मोजलेलं असतं. माझा मणी डांबरापासून हातभर उंचीवर, आणि मे महिन्याच्या दुपारी डांबर साठ अंशांच्या घरात. तेव्हा पेपरात ३९ आणि गाडीत ४१ दिसलं तर दोघंही खरं बोलतात.

बसवण्याआधी परीक्षा घेतली होती. बर्फाचा चुरा पेल्यात दाबून भरायचा, त्यात थोडंसंच पाणी, ढवळत राहायचं आणि मणी मधोमध धरायचा. शून्य यायला हवं. ०.४ आलं. या किमतीला याहून जास्त प्रामाणिकपणा मागणं बरं नव्हे.

आमच्या मेहुण्यांनी पहिल्याच फेरीत आक्षेप घेतला. गाडी पळायला लागली की मण्याला वारा लागणार, तो गार होणार, म्हणजे आकडा कमी येणार. ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं, कारण आपल्याला वाऱ्यात गार वाटतंच. पण आपण गार होतो ते घाम उडून जातो म्हणून, किंवा आपलं अंग हवेपेक्षा गरम असतं म्हणून. मण्याला ना घाम ना अंगची ऊब. कोरडा मणी कितीही वाऱ्यात धरला तरी हवेच्या खाली उतरत नाही. उलट वेगानं हवा थडकते म्हणून तो किंचित तापतो, ताशी शंभरला अर्ध्या अंशाहून कमी. मेहुण्यांनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती, विषय मिटवल्याची होती.

घोळ होतो तो गाडी थांबल्यावर. सिग्नलला उभे राहिलो की आपल्याच इंजिनाची धग आणि पुढच्या टेम्पोचा धूर मण्यापाशी साचतो, आणि ३६ चं बघता बघता ४० होतं. नव्या गाड्यांतला संगणक हे ओळखतो. वेग कमी असला की आकडा वर जाऊच देत नाही, गाडी पुन्हा पळायला लागल्यावर बदलतो. हुशारी आहे. पण मला आमचीच तऱ्हा बरी वाटते. शेजारी हेल्मेट घालून जो उभा आहे त्याच्यासाठी तिथे चाळीसच आहे.

चाळीसच्या पुढे डबीचेही हाल होतात. भर उन्हात बंद गाडी उभी राहिली की एलसीडी काळवंडतो आणि आकडाच दिसत नाही. गाडी जरा निवली की परत ताळ्यावर येतो.

खरी मजा घाटात. शाळेतलं सूत्र सांगतं की किलोमीटरभर वर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. वाई आणि पाचगणीत साडेपाचशे-सहाशे मीटरचा फरक, म्हणजे पसरणी घाटात साडेतीन-चार अंश कमी व्हायला हवेत. एप्रिलच्या दुपारी होतातही, वळणावळणाला दशांश गळत जातात. डिसेंबरात आम्ही उजाडायच्या आत वाई सोडली तेव्हा आकडा १०.६ होता. घाट लागला आणि तो चढू लागला. अर्ध्या घाटात १२.९, माथ्यावर १४.१. मागच्या सीटवरून "तुमचं यंत्र बिघडलं" असा निकालही आला. यंत्र ठीक होतं. निरभ्र रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा निवते, जड होते आणि उतारावरून ओघळत खोऱ्यात साचते. पहाटे कृष्णेचं खोरं गार आणि डोंगराचा खांदा उबदार. महाबळेश्वरापेक्षा पुणं थंड, अशी बातमी दर हिवाळ्यात येते आणि दर हिवाळ्यात लोक चकित होतात, त्याचं कारण हेच. मग वेण्णा तलावाच्या खोलगटात शिरलो आणि आकडा धाडकन ७.९. गवतावर दव गोठल्याचे फोटो छापून येतात ते याच काठचे. तिथून गावात चढलो तर पुन्हा तेरा. एवढ्याशा अंतरात पाच अंश! महाबळेश्वरचं तापमान किती, या प्रश्नाला आता मी "कुठल्या वळणावर?" असं विचारतो. घरच्यांना याचा कंटाळा येतो.

पुण्यातही तेच. जानेवारीच्या सकाळी मगरपट्ट्याहून पाषाणकडे गाडी काढली तर आकडा उतरत जातो. सिमेंटनं रात्रभर धरून ठेवलेली ऊब एकीकडे, झाडं आणि मोकळी जमीन दुसरीकडे.

ताम्हिणीनं कोकणात उतरताना मात्र या मण्याचा आणि आमच्या आत्याचा खटका उडतो. आत्या श्रीवर्धनची. मागच्या एप्रिलात तिला घेऊन निघालो तेव्हा पुण्यात ३९ होते. मुळशीच्या पाण्याकडेला थोडे उतरले, माणगावच्या बाजूला पुन्हा चढले. तो पट्टा असा तापतोच. जवळच्या भिऱ्याचा ४६.५ हा आकडा २०१७ च्या मार्चमध्ये बातम्यांत झळकला होता. समुद्र जवळ आला आणि आकडा भराभर खाली आला, ३५, ३४, ३३. आत्या पदरानं मान पुसत होती. "तेहतीस म्हणे! पुण्यात एवढा घाम आला होता का रे मला?" मी म्हटलं, आत्या, पुण्यात घाम येत होता, पण येताक्षणी वाळत होता. "मग त्याला विचार, वाळत का नाही आता?" त्याला, म्हणजे डबीला.

आत्याचं म्हणणं रास्त आहे. ज्याला घामच येत नाही त्यानं कोकणाबद्दल बोलू नये. वेधशाळेच्या त्या पांढऱ्या पेटीत म्हणून दोन तापमापक असतात, एक कोरडा आणि एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची पट्टी. तिच्यातलं पाणी उडतं तेवढा तो गार होतो. पुण्यात ३९ अंश आणि हवेत जेमतेम अठरा टक्के आर्द्रता असली तर ओला तापमापक २१ दाखवतो. श्रीवर्धनला ३३ आणि सत्तर टक्के असली तर २८. आत्याच्या पदराचा हिशेब या दुसऱ्या आकड्यात आहे.

तेव्हा दुसरी डबी आणली आहे. डॅशबोर्डवर ॲश-ट्रेच्या वर जागा आहे, वायरला वाट आधीचीच. तिच्या मण्याला मलमलीची वात गुंडाळायची आणि वातीचं दुसरं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत. बाटली बंपरच्या मागे कशी टिकवायची यावर इलेक्ट्रिकवाला पोरगा विचार करतो आहे. बायकोनं एवढंच विचारलं, की त्यात रोज पाणी कोण घालणार.