तुम्ही विचारलेत म्हणून: गोळ्यांमुळेच झाले का?

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाच मला दिवस गेले आणि पुढे मुलाच्या हृदयात लहानसे छिद्र निघाले, या दोन गोष्टी ज्यांना ज्यांना कळल्या त्यांनी, लालबागच्या आमच्या जिन्यात आणि सकाळच्या लोकलच्या डब्यातही, मला एकच प्रश्न विचारला आहे: ‘त्या गोळ्यांमुळेच झालं का गं?’

उत्तर ‘नाही’ असे आहे. डेन्मार्कमध्ये १९९७ ते २०११ या काळात जन्मलेल्या सुमारे ८ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा गोळ्या कधीच न घेतलेल्या आणि दिवस राहिल्यावरही घेत राहिलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या आयांच्या मुलांत गंभीर जन्मदोषांचे प्रमाण हजारी २५ च्या आसपासच आढळले. दिवस राहिल्याचे कळताच गोळ्या थांबवायच्या, डॉक्टरांना सांगायचे. त्यापायी गर्भ पाडायची गरज नसते.

मी थांबवल्या नाहीत, कारण मला कळलेच नाही. जुलैत गॅस्ट्रो झाला, दोन रात्री गोळी उलटून पडली. पुढे पाकिटातल्या शेवटच्या, लोहाच्या तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात (पाळी त्याच आठवड्यात येते) थोडे डाग दिसले, तीच पाळी समजून मी नवे पाकीट फोडले. (हा निष्काळजीपणा होता, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तरी गॅस्ट्रो काढून पाहावा.)

दीड महिन्याच्या लसीच्या वेळी डॉक्टरांचा स्टेथोस्कोप बाळाच्या छातीवर जरा जास्तच वेळ थांबला. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्यावर मी न राहवून म्हणाले, ‘मी गोळ्या घेत होते.’ शेजारी सासूबाई होत्या, आणि मी गोळ्या घेते हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. ‘शंभरात एखाद्या बाळाच्या हृदयात काहीतरी असतंच, गोळ्यांचा संबंध नाही,’ असे डॉक्टर शांतपणे म्हणाले; पण टॅक्सीत सासूबाईंनी बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतले आणि पुलाखालच्या कोंडीत ते भुकेने रडू लागले तरी माझ्याकडे दिले नाही. मीही मागितले नाही.

छिद्र दुसऱ्या वर्षी आपोआप बुजले. तरीही हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडते हे वाचल्यापासून मी त्या दोन महिन्यांतल्या गोळी घेतलेल्या रात्री मोजत असते. हजारातले ते २५ गोळ्यांविनाही असतात हे मला पटते, आणि पटूनही मोजणे थांबत नाही. सासूबाईंनी मात्र आजतागायत मला हा प्रश्न विचारलेला नाही.