मिशिगनचा हिवाळा आणि ६८ चा आकडा

डेट्रॉइटच्या उपनगरातल्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती तापवायचे ते ठरवणारे भिंतीवरचे यंत्र, ७२ अंश फॅरनहाइटवर (सुमारे २२ सेल्सिअस) होता, आणि पुढचे काही हिवाळे तो नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अहोरात्र तिथेच राहिला. हा आकडा कोणी विचार करून ठरवलेला नव्हता. आधीच्या मालकांनी तो तसा ठेवला होता आणि आम्ही त्याला हात लावला नाही, इतकेच. जानेवारीचे गॅसचे बिल आले की नवरा सुस्कारा टाकायचा, मी "थंडीच तेवढी आहे" म्हणायचे आणि विषय तिथे संपायचा.

तो पुन्हा निघाला ३० जानेवारी २०१९ च्या रात्री. बाहेरचे तापमान उणे १० फॅरनहाइटच्याही, म्हणजे उणे २३ सेल्सिअसच्याही खाली उतरले होते आणि नेमक्या त्याच दिवशी राज्यातल्या एका मोठ्या गॅस कॉम्प्रेसर केंद्राला आग लागून पुरवठा घटला. रात्री घरातले सगळे मोबाइल एकदम कर्कश वाजू लागले: थर्मोस्टॅट ६५ (सुमारे १८ सेल्सिअस) किंवा त्याहून खाली आणावा, अशी सूचना होती. जनरल मोटर्सने आपले काही कारखाने थांबवले. आम्ही निमूटपणे ६५ केले, मुलांच्या अंगावर एकेक जादा पांघरूण घातले आणि आता रात्रभर कुडकुडायचे अशी मनाची तयारी केली. प्रत्यक्षात एरवीपेक्षा शांत झोप लागली, आणि सकाळी घसा कोरडा पडला नव्हता. मग एवढे दिवस आपण ७२ च्या पैशांत नक्की काय विकत घेत होतो, हा प्रश्न मला पडला.

(अमेरिकेला ही सूचना काही नवी नव्हती. १९७७ च्या फेब्रुवारीत गॅसची टंचाई असताना अध्यक्ष जिमी कार्टर यांनी लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर भाषण केले होते आणि दिवसा ६५, रात्री ५५ (सुमारे १३ सेल्सिअस) ठेवा असे सांगितले होते. रात्रीचे ५५ मात्र आमच्या घरात कोणीच मान्य करणार नाही.)

हिशेब तसा सोपा आहे. घरातली उष्णता किती वेगाने बाहेर जाते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. बाहेर ३० फॅरनहाइट (उणे १ सेल्सिअस) असताना आत ७२ ठेवले तर फरक ४२ चा, ६८ ठेवले तर ३८ चा. म्हणजे चार अंशांत जवळजवळ दशांश गॅस वाचतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची शिफारसही माणसे घरात जागी असताना ६८ च्या (२० सेल्सिअसच्या) आसपास आणि झोपताना किंवा बाहेर जाताना त्याहून कमी अशीच आहे. दिवसातले आठ तास ७ ते १० अंश खाली ठेवल्यास घर तापवण्या-गार करण्याच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे ते खाते सांगते.

यावर नवऱ्याचा आक्षेप असा होता की रात्री थंड झालेले घर सकाळी पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, म्हणजे बचत गेली वाया. पुष्कळांना असे वाटते, पण गळका रांजण डोळ्यांसमोर आणला की उलगडा होतो. रांजण काठोकाठ भरलेला असला की तळाच्या भोकातून पाणी जोरात जाते आणि पातळी उतरली की गळतीही मंदावते. सकाळी तो पुन्हा भरायला जे पाणी लागते, ते रात्रभर काठोकाठ ठेवण्यासाठी लागले असते त्यापेक्षा कमीच असते. अपवाद हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणाऱ्या विजेच्या यंत्राचा: त्याला एकदम बरेच अंश चढायला लावले तर आतली विजेची कॉइल मदतीला धावते आणि बिल फुगते, म्हणून तिथे आकडा फार खालीवर करू नये. आमची गॅसची फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, असल्यामुळे ती अडचण नाही. घर लवकर तापावे म्हणून ८० वर नेण्याचाही उपयोग नसतो, कारण आमच्यासारख्या साध्या फर्नेसला एकच जोर ठाऊक असतो.

तेव्हा दिवसा ६८ आणि रात्री ६४ असे ठरले. खरी परीक्षा पुढच्या डिसेंबरात साताऱ्याहून सासूबाई आल्यावर झाली. त्यांनी मोबाइलवर फॅरनहाइटचे सेल्सिअस करून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, वीस म्हणजे काही थंडी नव्हे. वीसला आपण गच्चीवर गप्पा मारत बसतो. मग इथे वीसला माझे गुडघे का दुखतात?" प्रश्न बिनतोड होता, आणि त्याचे उत्तर शोधताना मला जे कळले ते त्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी ठरले.

साताऱ्यातल्या भिंती दिवसभर उन्हात तापलेल्या असतात. इथे भिंत आणि काच बाहेरून गोठलेली असते, आणि तिच्याजवळ बसलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता ती सतत ओढून घेते. हवा २० अंशांची असली तरी शरीराला तसे वाटत नाही. सासूबाईंची आवडती खुर्ची नेमकी मोठ्या खिडकीला लागून होती. मी काचेवर हात ठेवला तर तो फ्रिजच्या दारासारखा गार लागला, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्याशी उदबत्ती धरली तर धूर सरळ वर न जाता खोलीत आडवा वाहू लागला. ती फट बुजवली, जाड पडदा लावला, खुर्ची आतल्या भिंतीकडे हलवली आणि पायांखाली सतरंजी घातली. दुसरे कारण कोरडेपणा. उणे १० सेल्सिअसची हवा आत येऊन २० अंशांवर तापली की तिची आर्द्रता दहा-पंधरा टक्क्यांवर येते, त्यामुळे त्वचा तडकते आणि गारठा अधिक बोचतो. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लावून आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास आणली. त्यापुढे नेली की काचांवर पाणी साचते आणि चौकटीला बुरशी धरते, हे आम्ही एकदा काळे डाग घासून शिकलो आहोत. एक गंमतही लक्षात आली. आमचा थर्मोस्टॅट स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आहे. पुरणपोळ्यांच्या दिवशी तव्याची धग लागून त्याला घर तापले असे वाटायचे, फर्नेस बंद राहायची आणि वरच्या मजल्यावर मुले स्वेटर शोधत फिरायची.

एवढे करूनही त्यांच्या खोलीपुरता मी बचतीचा हट्ट सोडला. वय वाढले की थंडी वेळेवर जाणवत नाही आणि शरीराचे तापमान घरातल्या घरातही धोकादायकरीत्या उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे किमान १८ सेल्सिअस सुचवते आणि वृद्धांसाठी त्याहून अधिक लागू शकते असे म्हणते; आमचे रात्रीचे ६४ त्या किमान मर्यादेच्याही किंचित खाली पडते. त्यांच्या खोलीत दीड हजार वॅटचा तेलाचा हीटर ठेवला. आठ तास अखंड चालला तर बारा युनिटे जळतात. तितक्याच उष्णतेसाठी वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग पडते, पण एका बंद खोलीसाठी सगळे घर ७२ वर नेण्यापेक्षा ती परवडते.

आम्ही भारतात येतो तेव्हा आकडा ५५ वर असतो, कारण त्याखाली भिंतींतले पाण्याचे पाइप गोठून फुटण्याची भीती असते. निघताना मुख्य नळही बंद करतो. एरवी पहाटे सव्वापाचला थर्मोस्टॅट आपोआप ६८ मागतो. आधी एक टिक, मग तळघरात पंख्याची घरघर, बर्नर पेटल्याचा भस्सकन आवाज, आणि मिनिटभराने गरम हवेच्या जाळीतून येणारी ऊब. सासूबाई आल्या की तोवर जाग्याच असतात, आणि मी खाली येते तेव्हा त्या जाळीसमोर पाय सोडून बसलेल्या दिसतात.