तुम्ही विचारलंत म्हणून: गिऱ्हाइकाचं ऐकायचं तरी किती?

नागपुरात आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खाताना कोणीतरी नवा स्टार्टअपवाला हा प्रश्न हमखास टाकतो. ॲप बाजारात आलं, लोक वापरायला लागले, आता दहा जण दहा गोष्टी सांगतात. कोणाचं ऐकायचं, कोणाचं सोडायचं? आमचं बिलिंगचं ॲप किराणा, हार्डवेअर आणि औषधांच्या दुकानांत चालतं, त्यातली बरीचशी इतवारी-महालातली. तेवढ्या अनुभवावर सांगतो. ऐकायचं सगळ्यांचं. पण माणूस जो उपाय सुचवतो तो बाजूला ठेवायचा आणि तो सुचला तेव्हा काउंटरवर काय चाललं होतं, ते विचारायचं.

लॉन्चनंतर इतवारीतून सारखी एकच मागणी येत होती: मराठी बिल बंद करा, इंग्रजीच राहू द्या. सेटिंगमध्ये एक बटण देऊन विषय मिटवता आला असता. आमच्या सपोर्टवाल्या मुलीनं एका दुकानदाराला फोनवर विचारलं, "भाऊ, शेवटचं मराठी बिल काढलं तेव्हा नेमकं झालं काय?" तो म्हणाला, "होते काय? बिल लवकर निघूनच नाही राहिलं. गिऱ्हाईक उभं, त्याच्या मागं आणखी चार उभे." म्हणजे मराठीशी भांडण नव्हतंच, भांडण वेळेशी होतं.

स्वस्तातल्या थर्मल, म्हणजे उष्णतेनं छापणाऱ्या, प्रिंटरला देवनागरी येत नाही. मात्रा आणि जोडाक्षरं जुळवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ॲप मराठी बिलाचं चित्र बनवतं आणि ब्लूटूथवरून पाठवतं. इंग्रजी बिलात अक्षरांचे नुसते कोड जातात, चित्रात मात्र एकेक ठिपका जातो. दुकानदार ज्याला दोन इंची म्हणतात, त्या ५८ मिलिमीटर कागदाच्या प्रिंटरवर एका ओळीत ३८४ ठिपके बसतात. चित्र बरोबर तेवढ्याच रुंदीचं केलं. ओळींमधली कोरी जागा ठिपक्यांनी पाठवण्याऐवजी कागद तेवढा पुढे सरकवायची आज्ञा दिली आणि दुकानाचं नाव प्रिंटरच्याच मेमरीत ठेवलं. बिल झटपट निघायला लागलं. इंग्रजीची मागणी त्यानंतर आली नाही. बटण दिलं असतं तर ती मागणीही बंद झाली असती, पण नागपूरच्या दुकानांतून मराठी बिलही गेलं असतं आणि आम्ही मात्र उगाच खूश झालो असतो.

तेव्हापासून तक्रार आली तशीच शीटमध्ये उतरवतो. "बिल निघून नाही राहिलं" याचं कोणी "प्रिंटर कनेक्टिव्हिटी इश्यू" केलं, की कागद संपला होता, ब्लूटूथ तुटलं होतं की नुसता उशीर होत होता, ते कळायचा रस्ता बंद. व्हॉइस नोट मला सगळ्यात आवडते. मागून तराजूचा, पोत्यांचा, "शेठजी, माझं आधी" असा आवाज येतो. दुकानात किती गर्दी होती हे त्या माणसाला सांगावंही लागत नाही. स्क्रीनशॉटचं मात्र सांभाळून. उधारीच्या यादीचा फोटो येतो तेव्हा त्यात तिसऱ्याच माणसांची नावं आणि मोबाइल नंबर असतात. ते पुसूनच शीटमध्ये टाकायचे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा आहे म्हणून तर खरंच, पण मोहल्ल्यात कोणाची उधारी किती हे आमच्या ऑफिसात चघळलं जाऊ नये म्हणूनही.

जी गोष्ट जास्त लोक मागतील ती आधी करा, असा सल्ला तुम्हाला खूप ठिकाणी मिळेल. मला तो अर्धवट वाटतो. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, जीएसटीचे दर बदलले. बहुतेक मालासाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, ५ आणि १८ उरले. फोन खणखणत होते आणि प्रश्न एकच: जुना स्टॉक पडून आहे, दर कोणता लावू? विक्री ज्या दिवसाची, दर त्या दिवसाचा, हे बिलाच्या स्क्रीनवर ठळक लिहिलं आणि फोन थंडावले. त्या गदारोळात एका मुनीमजींनी शांतपणे सांगितलं, "ऑगस्टच्या बिलावरचा माल परत आला, तर त्याला नवा दर लागून राहिला." क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वळती करणारी चिठ्ठी, मूळ बिलाच्या दरानंच निघायला हवी, नाहीतर जीएसटीचं रिटर्न भरताना हिशेब जुळायचा नाही. मतं मोजली तर ही तक्रार यादीच्या तळाशी. आम्ही ती त्याच रात्री हातात घेतली.

बोलणाऱ्यांपेक्षा न बोलणाऱ्यांची मला जास्त धास्ती. आपल्याकडचा दुकानदार चिडला की फोन करतो; कंटाळला की गुपचूप जुनी वही काढतो. म्हणून रोज बिलं करणारं दुकान अचानक थांबलं, की आम्ही स्वतः फोन करतो. मात्र बिलांचा आलेख वाचायला गावही माहीत लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीचे पुतळे मिरवत नेऊन जाळतात तेव्हा, इतवारीतली बिलं एकदम आपटतात. पुण्याहून आलेला आमचा सहकारी सर्व्हर तपासायला धावला होता. अरे बावा, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळे मिरवणुकीत असताना बिल फाडणार कोण? (दर वर्षी नव्या नव्या विषयांवर बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, निघतात. आमच्या ॲपचा अजून निघालेला नाही, यात मी समाधानी आहे.)

नकार कसा द्यायचा, हेही विचारता. स्पष्ट. "पाहून घेऊ" म्हणू नका. समोरचा ते होकार समजून पुढच्या सोमवारी विचारतो. मोठा ठोक व्यापारी त्याच्या एकट्यापुरती सोय मागतो आणि पैसेही देऊ करतो, तेव्हा जीभ अडखळते खरी. आम्ही कारणासकट नाही म्हणतो.

राहिला प्ले स्टोअरवरच्या रिव्ह्यूतला एक स्टार. तो पाहून रात्रीची झोप घालवू नका. ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअर रेटिंग काढताना अलीकडच्या मतांना जास्त वजन देतं, त्यामुळे पहिल्या महिन्यातले फटके हळूहळू मागे पडतात. रिव्ह्यूला द्यायच्या उत्तराला ३५० अक्षरांची मर्यादा आहे, ती रागाच्या भरात संपवू नका. बिघाड दुरुस्त झाल्यावर कोणत्या आवृत्तीत झाला ते त्याच रिव्ह्यूखाली लिहा. त्या माणसाला सूचना जाते आणि त्याला स्टार बदलता येतात. काही जण बदलतात. काही जण एक स्टार तसाच ठेवून रोज आमच्याच ॲपवर बिलं करतात. त्यांना फोन करून कारण विचारायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.