त्सुकिमी कोजागरीला नको, भाद्रपदातच करा

जपानची त्सुकिमी, म्हणजे चंद्र पाहण्याचा सण, ही त्यांची कोजागरी, असं सांगितलं की आपल्याला चटकन समजतं. पण तेवढ्यावर विसंबून कोजागरीला दांगो (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोळे) वळायला बसलात, तर बहुतेक वर्षी महिनाभर उशीर झालेला असतो. त्सुकिमीची मुख्य रात्र म्हणजे जुगोया, त्यांच्या जुन्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची पंधरावी रात्र. ती साधारण आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडते. २०२५ मध्ये त्या पंचांगात सहावा महिना अधिक आला, त्यामुळे जुगोया ६ ऑक्टोबरला, नेमकी कोजागरीच्या रात्री आली. २०२६ मध्ये ती २५ सप्टेंबरला आहे, म्हणजे अनंत चतुर्दशीला. चंद्र पूर्ण भरतो त्यानंतर, २६ च्या रात्री. त्यात गैर काही नाही. पंधरा रात्री अमावास्येच्या दिवसापासून मोजतात, म्हणून जुगोयाचा चंद्र अनेकदा किंचित अपुरा असतो.

जपानने १ जानेवारी १८७३ पासून इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि बहुतेक सण त्या तारखांना बांधले गेले. ७ जुलैचा ताऱ्यांचा सण तानाबाता, ती त्यामुळे ऐन पावसाळ्यात सापडली. सेंदाई शहर ती अजून महिनाभर उशिरा, ६ ते ८ ऑगस्टला करतं. त्सुकिमीला मात्र चंद्रच लागतो, त्यामुळे ती तिथीवर टिकली.

भाद्रपदाचा आग्रह धरण्याचं खरं कारण शेतात आहे. हेआन काळात (साधारण नववं ते बारावं शतक) चीनकडून आलेली ही चंद्र पाहण्याची हौस सरदार-दरबाऱ्यांची होती, नावेत बसून कविता करण्याची. पुढे ती शेतकऱ्यांची झाली आणि नव्या पिकाचा नैवेद्य बनली: तांदळाचे दांगो, अळकुड्या, सोयाबीनच्या हिरव्या शेंगा. जुगोयाला तिकडे अळकुडीचा चंद्र असंही म्हणतात. सातारा-सांगलीत हे सगळं त्याच दिवसांत हाताशी असतं.

आधी दांगो. जपानी पीठ कमी लांबीच्या, थोड्या चिकट तांदळाचं असतं. आपल्याकडे गणपतीत मोदकांसाठी आणलेली इंद्रायणी किंवा आंबेमोहोराची पिठी त्याला सर्वांत जवळची. कोलम किंवा बासमतीची नको. त्यात ॲमायलोज, म्हणजे गार झाल्यावर कडक होणारा स्टार्च, जास्त, गोळे गार होताच खडखडीत होतात.

पंधरा दांगोंना २०० ग्रॅम पिठी घ्या. उकळतं पाणी १८० मिलीपासून सुरू करून थोडं थोडं घाला. जुनी, कोरडी पिठी २०० मिलीपर्यंत पिते. तांदळात ग्लुटेन नसतं, शिजलेला स्टार्चच पीठ धरून ठेवतो, म्हणून कोमट पाण्याने भागत नाही. पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की त्याचे दीड सेंटिमीटर जाडीचे चपटे तुकडे करून मोदकपात्रात ओल्या पंचावर २० मिनिटं वाफवा. गरम असतानाच पंचात गुंडाळून वरवंट्याने कुटा, क्षणभर गार पाण्यात बुडवून पुन्हा पाच मिनिटं मळा. हा टप्पा बरेच जण गाळतात, आणि त्यांचे दांगो खाताना पिठूळ लागतात. हाताला तेल नको, पाणी लावा. प्रत्येकी साधारण २५ ग्रॅमचा गोळा वळा आणि माथा अगदी किंचित दाबा. जपानमध्ये मृताच्या उशाशी ठेवायचे दांगो पूर्ण गोल असतात, म्हणून हे मुद्दाम वेगळे ठेवतात. वळून झाले की पंख्याने वारा घाला, तकाकी येते.

गोळ्याला चिरा गेल्या तर पाणी कमी पडलं किंवा पुरेसं गरम नव्हतं. रास बसली तर पीठ सैल होतं किंवा गोळे गरमच रचले. वीस मिनिटं निवू द्या. चिकट तांदळाचं पीठ मिळालं तर ५० ग्रॅम पिठीच्या जागी तेवढंच घाला, त्याहून जास्त घातलं की गोळे पसरतात. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, स्टार्च तिथेच सर्वांत लवकर कडक होतो. उरलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवा.

रचना अशी: पाटावर पांढरा कागद, खाली तीन बाय तीन नऊ, वर चार, सर्वांत वर दोन. वरचे दोन एकामागे एक, म्हणजे समोरून एकच दिसतो. क्योतोकडे दांगो लांबट असतात आणि त्यांच्यावर लाल बियांचं गोड सारण गुंडाळतात. त्या बिया म्हणजे आडझुकी; तो इथे सहज मिळत नाही; लाल चवळी चालते, आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा असेल तर मी आधी तोच निवडेन.

अळकुड्या लहान, चार-पाच सेंटिमीटरच्या घ्या. माती नीट धुवा, वरचा तिसरा भाग सोडून भोवती सुरीने साल कापा आणि सुई आरपार जाईपर्यंत वाफवा, साधारण वीस मिनिटं. वरची टोपी उचलून मीठ भुरभुरायचं आणि खालून चिमटून खायचं. कच्च्या राहिल्या तर घसा खवखवतो, त्यांच्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक टोचतात.

शेंगांचं गणित जास्त नाजूक आहे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेलं फुले संगम जातीचं सोयाबीन, म्हणजे कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं केडीएस ७२६, सप्टेंबरात दाणे भरतं. दाण्याने शेंग जवळजवळ भरली आहे पण हिरवेपणा तसाच आहे, एवढेच मोजके दिवस कामाचे. पिवळी छटा आली की दाणा पिठूळ होतो. फवारणी मात्र आधी विचारा; तांबेरा आणि अळीसाठी याच दिवसांत औषध मारलं जातं, आणि डब्यावरचा प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणीमधले दिवस) संपला नसेल तर त्या शेताची शेंग घेऊच नका. पाव किलो शेंगांची दोन्ही टोकं कात्रीने छाटा, १० ग्रॅम मिठाने चोळा, एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून उकळा. जपानी जातींना चार-पाच मिनिटं पुरतात, आपल्या तेलबियांच्या जातींना आठ-दहा द्या. सोयाबीन कच्चं कधीच खायचं नाही. शिजल्यावर गार पाण्यात न टाकता चाळणीत पसरून वारा घाला, नाहीतर मीठ निघून जातं.

फुलदाणीत तिकडे सुसुकी गवत असतं, कापणी न झालेल्या भाताच्या लोंबीच्या जागी. कृष्णाकाठी याच सुमारास पांढरे तुरे येणारं गवत चालेल. कास पठारावरून मात्र काडीही उचलू नये.

ढग असले तरी नैवेद्य मांडायचा. जपानी लोकही पावसाच्या रात्री तो टाळत नाहीत. पूर्वेकडे मोकळी गच्ची निवडा, चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच वर येतो. मग खायला दांगोवर काकवी आणि भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. जपानी कुरोमित्सु हा काळ्या, न शुद्ध केलेल्या साखरेचा पाक, आपली काकवी त्याच्या अगदी जवळ. पिठासाठी सोयाबीन मंद आचेवर सालं तडकेपर्यंत भाजा, सालं पाखडा, बारीक दळा, दोन भागांना एक भाग साखर घाला. लहान मुलांना दांगो चिरूनच द्या, अख्खा घशात अडकू शकतो.

जुगोया केली तर जुसानयाही करायची, एकच चंद्र पाहणं तिकडे अशुभ मानतात. नवव्या महिन्याची ही तेरावी रात्र २०२६ मध्ये २३ ऑक्टोबरला आहे, कोजागरीच्या दोन दिवस आधी. तेव्हा दांगो तेराच, खाली नऊ आणि वर चार. या रात्रीला चेस्टनटचा आणि शेंगांचा चंद्र म्हणतात. आपल्याकडे सोयाबीन तोवर बहुधा मळून झालेलं असतं, तेव्हा वाळलेले दाणे रात्रभर भिजवून मिठात उकडा. दाणा बोटात दाबला की सहज चुरडला पाहिजे.