फ्रेंच आपोआप आली नाही

“तिकडे राहिलीस म्हणजे फ्रेंच आपोआपच आली असेल ना?” हा प्रश्न मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या प्रत्येक लग्नामुंजीत विचारला जातो, आणि “आपोआप नाही आली” असे म्हटले की विचारणाऱ्याला माझ्या बुद्धीविषयीच शंका येऊ लागते. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

विचारणाऱ्यांचे फारसे चुकत नाही. आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलत वाढलो. हिंदी कधी शिकलो ते आपल्यापैकी कोणालाच आठवत नाही, त्यामुळे भाषा हवापाण्यासारखी अंगी लागते अशी आपली पक्की समजूत आहे. जलविज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी फ्रान्समधल्या ग्रनोब्लला निघाले तेव्हा माझीही तीच होती. त्यातून माझा अभ्यासक्रम इंग्रजीत होता. १९९४च्या तूबों कायद्याने तिथे शिक्षणाची भाषा फ्रेंच ठरवली होती, २०१३मध्ये त्यातल्या सवलती वाढवण्यात आल्या, आणि त्या सवलतींच्या आधाराने माझ्यासारखे विद्यार्थी फ्रेंचचा एक शब्द न येता पदवी घेऊन परत येऊ शकतात. येतातही.

आमचे एक काका तर द बॉयनचा दाखला देतात. महादजी शिंद्यांच्या पलटणी उभ्या करणारा हा सेनानी ग्रनोब्लजवळच्या शाँबेरीचा. त्याच्या स्मरणार्थ १८३८मध्ये उभारलेले हत्तींचे कारंजे तिथे आजही आहे, आणि त्यातल्या चारही हत्तींना फक्त पुढचेच धड आहे. “त्याचं कुठं मराठीवाचून अडलं?” असे काका विचारतात. अडले की नाही ते मी सांगू शकत नाही, पण त्याच्या हाताखाली पलटणी होत्या आणि माझ्या हाताखाली कोणी नव्हते, एवढा फरक काकांनी लक्षात घ्यावा.

इंग्रजी वर्गाच्या दारापर्यंतच चालत असे. घरभाड्याच्या सरकारी मदतीचा अर्ज, आरोग्य विम्याची नोंदणी, दंतवैद्याची वेळ, हे सारे फ्रेंचमध्ये आणि त्यातले बरेचसे फोनवर, जिथे समोरच्याचा चेहराही मदतीला नसतो. फोन नंबर तिथे दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. सत्तर म्हणजे साठ अधिक दहा, ऐंशी म्हणजे चार वीस, नव्वद म्हणजे चार वीस अधिक दहा अशी मोजणी असल्याने मी चार लिहून मोकळी होई आणि तोवर सांगणारा पुढच्या जोडीवर गेलेला असे.

वसंतात आम्हा काही विद्यार्थ्यांना बेलडॉन डोंगरातल्या एका ओढ्याचा प्रवाह मोजायला नेले होते. बर्फ वितळून पाणी चढलेले होते. पद्धत अशी की वजन केलेले मीठ बादलीत विरघळवून वरच्या अंगाला एकदम ओतायचे, खालच्या अंगाला पाण्यात प्रोब धरून त्यावरची विद्युतवाहकता दर पाच सेकंदांनी नोंदवायची, आणि आकडा चढून पुन्हा मूळ पातळीला आला की त्या आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून प्रवाह काढायचा. कामे वाटून घेताना गटातला एक मुलगा दुसऱ्याला फ्रेंचमध्ये म्हणाला, “प्रोब तिच्याकडे दे, बाकीचं तिला तसंही कळत नाही.” मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला त्यातला प्रत्येक शब्द कळला. इतके महिने ज्या भाषेतली अर्धी वाक्ये निसटून जात होती, तिच्यातले इतके स्वच्छ वाक्य मला त्याआधी कधी ऐकू आले नव्हते.

मी काही बोलले नाही. गुडघाभर थंडगार पाण्यात प्रोब धरून उभी राहिले आणि आकडे फ्रेंचमध्ये ओरडून सांगू लागले. एकशे त्र्याहत्तर, एकशे एकोणऐंशी, एकशे चौऱ्याण्णव; नेमके सगळे अवघड टापूतले. काठावर वही घेऊन बसलेला तोच मुलगा “इंग्लिश, प्लीज” म्हणाला. मी पुढचा आकडाही फ्रेंचमध्येच सांगितला. त्याने पुन्हा विनवले, मी पुन्हा ऐकले नाही. न्यायाने पाहिले तर त्याची धास्ती रास्त होती, कारण मीठ वाहून गेले की हुकलेला आकडा परत मिळत नाही आणि सगळे पुन्हा करावे लागते. आलेख मात्र व्यवस्थित आला. त्याबद्दल कोणी काही म्हणाले नाही आणि परतीच्या बसमध्ये त्याच मुलाने मला आपले कोरडे मोजे दिले. ते मी घेतले, याचा मला अजूनही थोडा राग आहे.

त्यानंतर मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले आणि पुढे बी-टूची, म्हणजे मधल्यापेक्षा वरच्या पातळीची, परीक्षा दिली. इथे लोक खूश होतात: अपमान झाला, जिद्द धरली, भाषा आली. हे श्रेय त्या वाक्याला द्यायला मी तयार नाही. भाषा आली ती क्रियापदे घोकून, रेडिओवरच्या बातम्या परत परत ऐकून, आणि एका बेकरीवाल्या बाईंनी माझे वाक्य पूर्ण होईपर्यंत मागच्या रांगेची पर्वा केली नाही म्हणून. पण तो दिवस नसता तर मी वर्गाला गेले असते का, असे विचाराल तर बहुधा नसते. इंग्रजी पुरेशी आहे असे मानणारी आधीची मी पदवीपुरती बरोबरच होते. प्रबंध इंग्रजीत लिहिला, तोंडी परीक्षाही इंग्रजीत झाली, फ्रेंचवाचून एकही गुण कमी झाला नसता.

आता मावसबहिणीची लेक लियोंला निघाली आहे आणि आधी फ्रेंचचा क्लास लावू का म्हणून विचारते आहे. पहिली पातळी इथूनच करून जा आणि सत्तर ते नव्व्याण्णव झोपेतही सांगता आले पाहिजेत, असे मी तिला सांगितले. “म्हणजे मग पुढचं तिथे राहून येईल ना?” असे तिने लगेच विचारले, आणि तिची आई माझ्याआधीच “येईल की” म्हणाली.